खाडी येण्याआधीचं मुलुंड

ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून मुलुंडकडे पाहिलं, की आधी चमकणारा चिखल दिसतो, मग तिवरांची हिरवी पट्टी, तिच्यामागे मिठागरांची सपाट जमीन, मग इमारतींची रांग आणि सगळ्यांच्या पाठीशी येऊरचा डोंगर. खाऱ्या पाण्यापासून बिबट्याच्या जंगलापर्यंतचा सगळा प्रदेश चार-पाच किलोमीटरच्या एका नजरेत मावतो. मुंबईत एवढ्या कमी जागेत एवढं काही दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. मुलुंडमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे दृश्य फार सवयीचं असतं. डोंगर जितका जुना तितकीच खाडीही जुनी असणार, असं आपण न विचारताच धरून चालतो.

डोंगर जुना आहेच. तो दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातला, ६ कोटी वर्षांहून जुना. खाडीचं पाणी मात्र त्याच्या मानाने आज सकाळी आलेलं आहे. २०,००० वर्षांपूर्वी इथे उभं राहिलं असतं, तर खारं पाणी, तिवर, निवटी, चिंबोरी, फ्लेमिंगो यातलं काहीच दिसलं नसतं. मुलुंड ज्यावर वसलं आहे ते साष्टी तेव्हा बेट नव्हतं. मुंबईची सात बेटंही नव्हती, त्या सात टेकड्या होत्या. घारापुरी मैदानातला एकटा डोंगर होता. समुद्र पश्चिमेला दोनशे किलोमीटरहून जास्त लांब होता.

या अंतरावर सहजी विश्वास बसत नाही. म्हणून एक खूण सांगते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तरंगत्या तेलफलाटाने खोदकाम केलं आणि बॉम्बे हायचं तेल सापडलं. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. हिमयुगाच्या ऐन भरात जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. म्हणजे आज जिथे तेलविहिरींचे मनोरे लाटांत उभे आहेत, तिथे कोरडी जमीन होती. मुलुंडहून पश्चिमेला तोंड करून निघालेला माणूस पाय न भिजवता तिथवर चालत गेला असता, आणि पुढेही गेला असता. वाटेत नद्या लागल्या असत्या, गवत लागलं असतं, झाडं लागली असती. आपल्या राज्याचा हा बुडालेला तुकडा आज कुठल्याच नकाशावर नाही.

पाणी गेलं कुठे होतं? बर्फात. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांच्यावर दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर बसले होते आणि समुद्राचं पाणी त्यांत अडकून पडलं होतं. मग पृथ्वीच्या भ्रमणातल्या फरकांमुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा प्रखर होत गेला, बर्फ वितळायला लागला, हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १९० वरून २७० च्या आसपास गेला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण ६ अंशांनी चढलं. याला दहा हजार वर्षं लागली. पण ही चढण एकसारखी नव्हती. मधेच थबकायची, मागे फिरायची, मग एकदम उसळी घ्यायची. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ग्रीनलंडमध्ये अवघ्या काही दशकांत तापमान १० अंशांच्या आसपास वाढलं, हे तिथल्या बर्फाच्या थरांतून वाचता येतं. आजी आणि नात यांच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात एका प्रदेशाचं हवामान पार बदललं. आपण ज्या युगात राहतो ते युग भूशास्त्रज्ञ त्याच क्षणापासून मोजतात.

एवढी मोठी उलथापालथ झाली तेव्हा झाडांचं, प्राण्यांचं, चिखलातल्या जिवांचं काय झालं, हा प्रश्न आज आपल्याला फार जवळचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला ग्रीनलंडला जायची गरज नाही. बरंचसं उत्तर आपल्या पायाखाली आहे.

१८७०च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉकसाठी खोदाई चालली होती. भरतीच्या रेषेच्या कित्येक मीटर खाली, निळसर चिकण गाळाच्या थराखाली, मजुरांच्या पहारी लाकडावर आदळल्या. साडेतीनशेहून जास्त झाडांचे बुंधे निघाले. त्यातले बरेचसे उभे होते, मुळं अजून जमिनीत रोवलेली. १८७८ साली या बुडालेल्या जंगलाची नोंद भूशास्त्रज्ञांच्या दप्तरी गेली. लाकूड ओळखलं गेलं ते खैराचं.

खैर म्हणजे ज्याच्या गाभ्यापासून पानात घालायचा कात करतात तो. काटेरी, चिवट, कोरड्या उतारांवर वाढणारा. तिवरासारखा तो खाऱ्या चिखलात उभा राहूच शकत नाही. त्याची मुळं जिथे रोवलेली सापडतात तिथे एके काळी कोरडी माती होती, याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नाही. हे जंगल समुद्र चढल्यामुळे बुडालं की तिथली जमीन खचल्यामुळे, यावर जाणकारांचे दोन पक्ष आहेत आणि कदाचित दोन्ही गोष्टींनी हातभार लावला असेल. माझं मन मात्र वेगळ्याच गोष्टीपाशी अडकतं. आजही मुलुंडच्या मागच्या डोंगरात, राष्ट्रीय उद्यानाच्या कोरड्या उतारांवर, खैर उभा आहे. तेच झाड. खालची माणसं बुडाली आणि वरची तगली, असं हे एकाच घराण्याचं दोन ठिकाणचं चित्र आहे.

आता समुद्र किती वेगाने आला ते पाहू. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या तळावरून चुनखडीचे दगड, शिंपले आणि गाळ वर काढून त्यांची वयं ठरवली. यातले कित्येक दगड आज ६० ते १०० मीटर खोल पाण्यात आहेत, पण ते फक्त उथळ, कोमट किनाऱ्यावरच तयार होतात. म्हणजे प्रत्येक दगड हा जुन्या किनाऱ्यावर ठोकलेला मैलाचा दगड झाला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आलेखानुसार सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होता. मग तो चढला, ८० मीटरवर येऊन सुमारे अडीच हजार वर्षं जवळपास थांबला आणि १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात हजार वर्षांत २० मीटर या वेगाने वर आला.

हजार वर्षांत २० मीटर म्हणजे वर्षाला २ सेंटीमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण मुंबईसमोरचा समुद्रतळ ताटासारखा सपाट आहे. १६० किलोमीटरमध्ये ७५ मीटर उतार, म्हणजे एक मीटर खाली जायला दोन किलोमीटर चालावं लागतं. अशा जमिनीवर पाणी २ सेंटीमीटर चढलं की किनारा ४० मीटर आत येतो. दर वर्षी ४० मीटर. साठ वर्षं जगलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत समुद्र अडीच किलोमीटर आत आलेला असणार. मुलुंडच्या भाषेत सांगायचं तर खाडीच्या काठापासून निघून, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून, पाणी स्टेशनाच्या जवळपास आलेलं. हे एका जन्मात.

आणि हे पाहायला माणसं होती. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला १९३०च्या दशकात कांदिवलीच्या परिसरात आणि मुंबईच्या किनाऱ्यावर अश्मयुगातली हत्यारं सापडली, त्यात गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी नाजूक पातीही होती. असल्या बारीक हत्यारांनी मासे, कालवं आणि रानातली शिकार यांवर जगणाऱ्या लोकांनी आजोबांच्या चुलीची जागा पाण्याखाली गेल्याचं नातवंडांना सांगितलं असेल. त्यांची भाषा आपल्याला कधीच कळणार नाही, पण हे वाक्य त्या भाषेत नक्की असणार.

किनाऱ्यावर पाण्याचं राज्य येत होतं तेव्हा घाटावर काय चाललं होतं? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिमयुग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. महाराष्ट्रात बर्फ नव्हता. इथे हिमयुग म्हणजे थोडा गारवा आणि पुष्कळसा दुष्काळ. समुद्र थंड, जमीन कमी तापलेली, त्यामुळे मोसमी वारे दुबळे. पावसाळा येत होता, पण हात आखडून.

त्या कोरड्या महाराष्ट्रात शहामृग हिंडत होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. वय सुमारे २५,००० वर्षं. एका तुकड्यावर कुणीतरी टोकदार दगडाने आडव्या रेघा ओढून त्यांच्यात जाळी भरली आहे. बोटाच्या पेरावर मावेल असा तो तुकडा आपल्या राज्यातल्या सर्वांत जुन्या नक्षीकामांपैकी आहे, आणि ते काम अशा पक्ष्याच्या अंड्यावर आहे जो आता आपल्याला पाहायला राणीच्या बागेसारख्या प्राणिसंग्रहालयाखेरीज भारतात कुठे मिळणार नाही. मांजरा नदीच्या काठी पाणघोड्यांची हाडं सापडली आहेत. लातूरच्या बाजूला पाणघोडा! दोघेही गेले. हवा बदलली, नद्यांची तऱ्हा बदलली आणि माणसाची शिकारही होती. एकावर सगळा दोष टाकता येत नाही. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या तुलनेत भारताने मोठे प्राणी फार थोडे गमावले. हत्ती, गेंडा, गवा, वाघ टिकले. माझ्या मते यामागे एक साधं कारण असावं. इथला प्राणी हजारो पिढ्या माणसाच्या सोबतीत वाढला होता, आणि त्याला सरकायला वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या पावसाची जमीन जवळच मिळत होती.

मग पाऊस परतला. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती उत्तरेकडच्या उन्हाळ्यात. आज ती जवळ येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या जास्तीच्या उन्हाने आशियाची जमीन तापली आणि मोसमी वाऱ्यांनी जोर धरला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी घाटमाथ्यापलीकडच्या नद्यांचे काठ वाचून ही गोष्ट दाखवून दिली. प्रवरा, घोड, मुळा यांच्या काठाला घराएवढ्या उंचीच्या गाळाच्या दरडी दिसतात ना, त्यांतला बराचसा गाळ दुबळ्या पावसाच्या काळात साठला. नदीच्या अंगात तो वाहून न्यायची ताकदच नव्हती. पुढे पाऊस बळावला तेव्हा त्याच नद्यांनी आपलाच गाळ कापत खोल पात्रं खणली. पुढच्या वेळी नेवाशाला किंवा शिरूरला जाल तेव्हा पुलावर क्षणभर थांबा. ती दरड म्हणजे दुष्काळाची वही आहे आणि खालचं पात्र म्हणजे पावसाची सही.

बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नळकांडीसारखा गाभा काढला गेला. त्याच्या तळाशी ११,४०० वर्षांपूर्वीची माती आहे, आणि ती माती पाऊस झपाट्याने वाढल्याचं सांगते. वर येताना ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा लांबलेला दुष्काळ लागतो. निलगिरीतल्या दलदलीतल्या मातीत तर २०,००० वर्षांची नोंद आहे. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ती वाचली. युक्ती सुंदर आहे. ज्वारी, ऊस, मका आणि उष्ण-कोरड्या हवेतली गवतं हवेतला कार्बन एका पद्धतीने पकडतात. भात, आंबा आणि जंगलातली बहुतेक झाडं दुसऱ्या पद्धतीने. झाड कुजून माती झालं तरी त्या कार्बनचा शिक्का पुसला जात नाही. म्हणून पान, फूल, बी काहीच न उरलेल्या काळ्या चिखलाच्या चिमटीलाही विचारता येतं, तू गवत होतीस की झाड? निलगिरीच्या मातीने उत्तर दिलं: हिमयुगाच्या भरात कोरड्या हवेचं गवत, नंतर ओल.

पराग याहूनही बोलके असतात. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की चिखलात हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं टिकतं. चमचाभर गाळ घ्यायचा, तीव्र आम्लांनी त्यातली वाळू आणि चुना विरघळवायचा, उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गवताचा पराग गोल, एकच भोक असलेला. कांदळ या खारफुटीच्या झाडाचा त्याहून लहान, तीन खाचांचा. कोण किती आहेत ते मोजायचं. पुन्हा थोडा खालचा चमचा घ्यायचा, पुन्हा मोजायचं. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेत माणसांनी आयुष्यं या मोजणीत घालवली आहेत. मला हे काम तपश्चर्येसारखं वाटतं.

आणि या मोजणीतूनच, जगभरच्या हजारो चमच्यांतून, सगळ्यांत मोठं आश्चर्य बाहेर आलं.

आपण समजतो की हवा तापली तेव्हा जंगलं सरकली. जणू एखादी दिंडी निघावी तशी सगळी झाडं, वेली, पक्षी, किडे एकत्र, झेंडा पुढे, आणि नव्या मुक्कामी तेच जंगल पुन्हा मांडलं. तसं झालंच नाही. अमेरिकेत मार्गारेट डेव्हिस यांनी परागांवरून झाडांच्या प्रवासाचे नकाशे काढले, तेव्हा दिसलं की आज शेजारी शेजारी उभी असलेली झाडं वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगाने तिथे आली आहेत. हेमलॉक लवकर पोचला. त्याच रानातलं चेस्टनट कित्येक हजार वर्षं मागाहून आलं. प्रत्येकाने आपलं बिऱ्हाड एकट्याने हलवलं. वाटेत काही हजार वर्षं अशी जंगलंही नांदून गेली जी आज पृथ्वीवर कुठेच नाहीत. त्यातली झाडं सगळी ओळखीची, पण त्यांची सोबत अनोळखी.

म्हणजे ज्याला आपण ‘सह्याद्रीचं जंगल’ म्हणतो ती काही अनादी काळापासून चालत आलेली एकत्र कुटुंबाची मांडणी नाही. ते प्रवासात एकमेकांना भेटलेल्या, आणि सध्या एकत्र राहत असलेल्या जिवांचं गाव आहे. हे वाचलं त्यानंतर राष्ट्रीय उद्यानातून चालताना साग, ऐन, खैर, करवी, आसाणा यांच्याकडे माझी पाहण्याची नजरच बदलली. प्रत्येकाला मनात विचारते, तू कधी आलास?

झाड चालतं कसं? क्लेमंट रीड यांनी १८९९ साली हिशेब मांडला की बर्फ हटल्यावर ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत ओक पोचायला, बी झाडाखालीच पडत राहिलं तर, दहा लाख वर्षं लागली असती. प्रत्यक्षात तो काही हजार वर्षांत पोचला. उत्तर पक्ष्यांत होतं. चोचीत ओकची फळं घेऊन ती लांब पुरून ठेवणारे आणि काही विसरून जाणारे पक्षी. आपल्याकडे हे काम राखी धनेश करतो, कोकीळ करते, उदमांजर करतं, वटवाघूळ करतं. मुलुंडच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या भिंतीत पिंपळ उगवलेला असतोच. तो तिथे कुणी लावलेला नसतो. हिमयुगानंतर जंगलांनी ज्या वाहनाने प्रवास केला, तेच वाहन आजही आपल्या खिडकीवरून जा-ये करत असतं.

प्रवाळांची कथा थोडक्यात सांगते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. हिमयुगात ते पाण्याच्या वर होतं. समुद्र चढला तसं ते बुडालं, पण त्याचा माथा उजेड पोचेल इतक्या उथळ पाण्यात राहिला आणि आज तिथे जिवंत प्रवाळ आहेत. त्याहून खोल, मुंबईसमोरच्या चुनखडीच्या पठारांवरच्या, तेव्हा उथळ पाण्यात असलेल्या वसाहतींना तो वेग पेलला नाही. त्या अंधारात राहिल्या.

आणि आता तिवर. माझ्या मते या सगळ्या कहाणीचा खरा नायक तोच आहे, कारण तो नेमका सीमेवर राहतो. मधल्या भरतीच्या रेषेपासून उधाणाच्या रेषेपर्यंतची अरुंद पट्टी एवढंच त्याचं घर. त्याहून खाली गेला तर बुडतो, वर गेला तर गोड्या पाण्यातली झाडं त्याला टिकू देत नाहीत. समुद्र चढायला लागला की तिवरापुढे दोन मार्ग असतात. पहिला, आहे तिथेच उंच व्हायचं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्याची हजारो श्वसनमुळं भरतीच्या पाण्याचा वेग मोडतात, पाण्यातला गाळ खाली बसतो, त्यात पानं आणि जुनी मुळं मिसळतात आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटर चढते. स्वतःच्या पायाखाली स्वतः माती घालणारं झाड. दुसरा मार्ग, मागे सरायचं. तिवराच्या शेजारी वाढणाऱ्या कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखा लांब कोंब लोंबत राहतो, तयार झाला की सुटतो. खाली चिखल असला तर तिथेच रोवला जातो, पाणी असलं तर आठवडे तरंगत नवा किनारा शोधतो.

पण पहिल्या मार्गाला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा किती, हे आता आकड्यात माहीत आहे. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातले नील सेंटिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या ७८ ठिकाणच्या गाळाचे गाभे तपासले, गेल्या १०,००० वर्षांचे. समुद्र वर्षाला ६ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढत होता तोवर खारफुटीला जागेवर पाय रोवून जमीन उंचावणं जवळपास कुठेच जमलं नाही. वेग त्याखाली आला आणि मग जगभर, साधारण ९,८०० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान, तिवरांची रानं पसरली. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला.

आता हा आकडा आपल्या किनाऱ्याला लावून पाहा. वर्षाला २० मिलिमीटर या वेगाने पाणी येत होतं तेव्हा या पट्टीतलं कुठलंच तिवराचं बन जागेवर टिकलं नसणार. मागचं बुडत होतं, पुढचं रुजत होतं. एखाद्या बनाचं आयुष्य दोन-तीन पिढ्यांचं. तरी खारफुटी संपली नाही, कारण तिच्या मागे मोकळी जमीन होती. सपाट, ओली, कुणी न अडवलेली, शेकडो किलोमीटर. एलीझ व्हान काम्पो यांनी १९८६ साली नैर्ऋत्य भारतासमोरच्या समुद्रातला गाळ तपासला, तेव्हा सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या थरात खारफुटीचे पराग भरभरून मिळाले. जोरदार पावसात, वाढत्या नद्यांच्या मुखांशी ही झाडं फोफावत होती. पुढे समुद्राचा वेग मंदावला, ठाण्याची खाडी भरली, साष्टी बेट झालं आणि तिवर मुलुंडच्या पायथ्याशी येऊन स्थिरावला. नंतर खाजणं आली, आगरी लोकांनी बांध घातले, मिठागरं झाली. गेल्या तीसएक वर्षांत फ्लेमिंगो हिवाळ्यात इथे यायला लागले. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली.

जगभरच्या समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटरने चढत होती आणि तो वेग वाढतो आहे. हिमयुगानंतरच्या सरासरी चढणीशी तुलना केली तर आज पृथ्वी सुमारे दहापट वेगाने तापते आहे. त्या वेळच्या जिवांनी जे केलं ते याही वेळी करायला ते तयार आहेत. धनेश बी नेईल, कांदळ कोंब सोडेल, तिवर मागे सरेल. त्यांची कला ते विसरलेले नाहीत. फरक आहे तो वाटेत. तेव्हा बॉम्बे हायपासून मुलुंडपर्यंत वाट मोकळी होती. आज खाडीच्या पट्टीमागे महामार्ग आहे, भिंती आहेत, इमारती आहेत. मधे उरली आहेत ती मिठागरं.

मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांवर घरं बांधण्याचे बेत सरकारदरबारी मंजूर होत आहेत. शहरात माणसाला छप्पर हवं, हे मलाही कळतं. पण ही जमीन पडीक नाही. समुद्र चढेल तेव्हा तिवराला मागे सरायला या किनाऱ्यावर उरलेली ती एकुलती एक सपाट जागा आहे, आणि तिवर सरला नाही तर त्याच्यामागे पाणी अडवणारं कुणी नाही. ती जागा मोकळी ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी तिकडे जाऊन मोडलेल्या बांधांच्या आतल्या बाजूला पाहावं. जिथे मीठ पिकवणं थांबलं आहे, तिथे वीतभर उंचीची तिवराची रोपं आधीच उभी आहेत.